घरकुल, आधार आणि ग्रामपंचायत : कोणाची जबाबदारी किती?

विशेष प्रतिनिधी

राजापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, यशवंतगडाच्या सावलीत आणि जैतापूरच्या खाडीलगत नाटे हे गाव वसले आहे. शेजारीच साखरीनाटे ही मच्छिमारांची मोठी वस्ती. कोकणातील इतर गावांप्रमाणे इथलीही तरुण पिढी रोजगारासाठी मुंबईची वाट धरते आणि गावातल्या घरांत बहुधा म्हातारी माणसे उरतात. अशा गावात घर कोसळले, कर्ता पुरुष गेला किंवा अपंगत्व आले, तर पहिली धाव घेतली जाते ती ग्रामपंचायतीकडे. मात्र या प्रत्येक बाबतीत ग्रामपंचायतीचा अधिकार सारखा नाही. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ठाऊक नसल्यानेच अनेकांचे हेलपाटे होतात.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. जिल्हा परिषदा व पंचायत समित्या १९६१ च्या कायद्याने निर्माण झाल्या आणि १ मे १९६२ पासून कामास लागल्या. २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतराज संस्थांना घटनात्मक स्थान दिले. घटनेच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ग्रामीण गृहनिर्माण, महिला व बालविकास, अपंगांसह समाजकल्याण आणि दुर्बल घटकांचे कल्याण यांचा समावेश आहे. तथापि, विषय अनुसूचीत असणे म्हणजे त्यासाठीचा पैसा व निर्णयाधिकार गावाच्या हाती येणे नव्हे.

घरकुलाचा मार्ग

इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली. तिची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. या योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये असे मूळ अनुदान ठरविण्यात आले. शौचालयासाठीचे १२ हजार रुपये आणि रोजगार हमीची मजुरी त्याव्यतिरिक्त. घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. याखेरीज अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, तर अनुसूचित जमातींसाठी शबरी या राज्याच्या घरकुल योजना आहेत.

सर्वेक्षणातून आलेली यादी ग्रामसभेपुढे ठेवली जाते. कोण खरोखर बेघर आहे, कोणाचे घर कच्चे आहे, कोणाचे नाव चुकून आले आहे, याची शहानिशा तेथेच व्हावी, अशी अपेक्षा आहे. नाव वगळले गेल्यास जिल्हास्तरीय समितीकडे अपील करता येते. मंजुरी व पाहणी पंचायत समितीमार्फत होते आणि बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्ते थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. थोडक्यात, पैसा गावातून जात नाही; पण नाव मात्र गावातूनच जाते. म्हणूनच वर्षातून किमान चार वेळा होणाऱ्या ग्रामसभेला गैरहजर राहणे गरजू कुटुंबाला महागात पडू शकते.

कोकणातील खरी अडचण

इथे पैशाआधी जमिनीचा प्रश्न उभा राहतो. सातबाऱ्यावर सामाईक मालकी, त्यात अनेक वारसांची नावे, त्यांपैकी काही मुंबईत तर काही अन्यत्र. मग संमतीपत्रे गोळा करायची कोणी? भूमिहीनांना जागा खरेदीसाठी साह्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. परंतु योग्य जागा मिळणे हीच मोठी परीक्षा असते.

किनाऱ्यावर त्यात आणखी एक पेच आहे. १९९१, २०११ आणि २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनांनी भरतीरेषेलगतच्या बांधकामावर बंधने घातली. मच्छिमारांच्या पारंपरिक घरांसाठी सवलती आहेत. तरीही जुने घर पाडून नवे बांधताना परवानगीचा निर्णय एकट्या ग्रामपंचायतीच्या हाती नसतो. पिढ्यान्पिढ्या समुद्राकाठी राहणाऱ्याला आपल्याच अंगणात पक्के घर बांधण्यासाठी कागद जमवावे लागतात, हे वास्तव आहे.

निराधारांचे साह्य

संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन या योजना महसूल यंत्रणेमार्फत, म्हणजे तहसील कार्यालयातून राबविल्या जातात. जुलै २०२३ मध्ये त्यांचे मासिक साह्य एक हजारावरून दीड हजार रुपये करण्यात आले. ग्रामपंचायत यात मंजुरी देत नाही. तिच्याकडे काम राहते ते आवश्यक दाखले देण्याचे. चक्रीवादळात छप्पर उडाले, जसे मे २०२१ च्या 'तौक्ते'च्या वेळी किनाऱ्यावर अनेकांचे झाले, तर नुकसानीचा पंचनामा आणि भरपाई हीदेखील महसूल खात्याचीच बाब ठरते.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या तिजोरीचे मात्र तसे नाही. स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. घरपट्टीवर भागणाऱ्या छोट्या पंचायतीत ही रक्कम तुटपुंजी असते. तरीही तिचा विनियोग कसा झाला, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक ग्रामस्थाला आहे.

ब्रिटनमध्ये बेघरांना निवारा मिळवून देण्याचे कायदेशीर दायित्व १९७७ पासून स्थानिक कौन्सिलवर आहे आणि वृद्धांच्या देखभालीची व्यवस्थाही तीच पाहते. आपल्याकडे हे काम पंचायत, महसूल आणि समाजकल्याण अशा तीन दारांत विभागले गेले आहे. तरुण माणूस ही तिन्ही दारे ठोठावू शकतो. नाट्याहून राजापूरच्या तहसील कार्यालयापर्यंत एसटीने जाणाऱ्या एकट्या वृद्धेला ते जमेलच असे नाही. तिचा अर्ज भरून देणे, कागद पूर्ण करून घेणे आणि तो पुढे सरकतो की नाही, यावर लक्ष ठेवणे यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. गावाच्या पंचायतीने एवढे केले, तरी अधिकार कमी असूनही तिची उपयुक्तता मोठी ठरेल.