श्वानदंश : भरपाईचा हक्क

कुत्रा चावल्यामुळे झालेली इजा, उपचारांचा खर्च, बुडालेली मिळकत किंवा मृत्यू याबद्दल कुत्र्याच्या मालकाकडे अथवा स्थानिक स्वराज्य संस्थेकडे पैशाच्या रूपात भरपाई मागण्याचा अधिकार. भारतात यासाठी एकसंध कायदा नाही. फौजदारी संहितेतले एक कलम, अपकृत्याची दिवाणी तत्त्वे, महापालिका कायद्यांतली कर्तव्ये आणि संविधानाचा अनुच्छेद २१ यांतून हा हक्क उभा करावा लागतो. सगळी वाटचाल एका प्रश्नावर ठरते : कुत्रा कोणाचा?

पाळीव कुत्रा : मालक ठाऊक असेल तर मार्ग त्यातल्या त्यात सरळ. त्याच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. भारतीय न्यायालयांनी यात इंग्रजी सामान्य विधीचा आधार घेतला आहे. त्यानुसार कुत्रा चावरा आहे हे मालकाला आधीपासून माहीत होते, किंवा त्याने बेफिकिरी केली, यांपैकी एक गोष्ट दाखवावी लागते. साखळीविना फिरवणे, फाटक उघडे टाकणे, पूर्वी कोणाला चावल्यावरही मुसके न बांधणे ही बेफिकिरीची नेहमीची उदाहरणे. इंग्लंडने हे नियम १९७१च्या कायद्याने बदलून घेतले. आपल्याकडे तसा कायदा झालेला नाही. फाटकावरच्या ‘कुत्र्यापासून सावध राहा’ या पाटीने आपण सुटलो असे पुष्कळ मालकांना वाटते. पाटी दुधारी असते. आगंतुकाला इशारा दिला होता असे तिच्या आधारे म्हणता येते, तसेच कुत्रा धोक्याचा आहे हे मालक जाणून होता, असेही. जखमी व्यक्तीने कुत्र्याला डिवचले असेल किंवा ती परवानगीवाचून आवारात शिरली असेल तर भरपाई कमी होते, क्वचित नाकारली जाते. दाव्याची मुदत तीन वर्षांची.

फौजदारी बाजू : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. जुन्या दंड संहितेतल्या कलम २८९ खाली दंडाची कमाल मर्यादा एक हजार रुपये होती. इजा झाली असल्यास कलम १२५ही जोडले जाते. कलम २९१ खालचा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी प्रथम माहिती अहवाल नोंदवायला हवा. तरीही ठाण्यावर बहुधा अदखलपात्र नोंदीची, लोकांच्या भाषेत ‘एनसी’ची, पावती हातात ठेवून बोळवण होते. तिथे कलमाचा क्रमांक सांगून आग्रह धरणे चुकीचे नाही.

या खटल्यातून पैसे मिळतील अशी आशा मात्र बेताचीच ठेवावी. दंड सरकारजमा होतो. त्यातून किंवा त्याव्यतिरिक्त जखमीला रक्कम देण्याचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली न्यायाधीश देऊ शकतात. तो मागावा लागतो. विलंबाचे एक उदाहरण मुंबईचे आहे. २०१० साली एका वृद्धाला रॉटवायलर जातीचा कुत्रा चावला, आणि मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली ती २०२३ मध्ये. शिक्षा झाली तर दिवाणी दाव्याला बळ मिळते, पण दावा तिची वाट पाहत ठेवू नये.

भटका कुत्रा : मालकच नसल्याने इथे जबाबदारी कर्तव्यातून शोधावी लागते. १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली आधी २००१ चे आणि आता मार्च २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. भटकी कुत्री पकडणे, त्यांची नसबंदी करणे, रेबीजविरोधी लस टोचणे आणि त्यांना मूळ जागी सोडणे हे काम त्यांनी स्थानिक संस्थांकडे दिले आहे. ते झाले नाही, किंवा तक्रारी येऊनही कोणी हलले नाही, हे दाव्याचे मूळ.

महाराष्ट्रात अशा दाव्याला एक खाचखळगा आहे आणि त्यात पुष्कळ जण पडतात. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चे कलम ५२७ आणि इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९च्या अधिनियमाचे कलम ४८७ यांनुसार पालिकेविरुद्ध असा दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. नगरपरिषदा व ग्रामपंचायतींच्या कायद्यांतही पूर्वसूचनेच्या तरतुदी आहेत. खासगी मालकाविरुद्ध तीन वर्षे आणि पालिकेविरुद्ध सहा महिने, हा फरक वकिलाकडे उशिरा पोचलेल्या माणसाला फार महागात पडतो. लसीचे डोस, जखमेची मलमपट्टी, वॉर्ड ऑफिसचे हेलपाटे यांतच अर्धी मुदत संपते.

दुसरा मार्ग उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेचा. जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग झाल्यास न्यायालय थेट भरपाई देऊ शकते. घटनेबद्दलच वाद असेल तर मात्र न्यायालय याचिकादाराला दिवाणी दाव्याकडे पाठवते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रस्त्यांवरच्या खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचे ठरवून दिले. ते प्रकरण कुत्र्यांचे नव्हते. तरी पालिकेच्या हलगर्जीची किंमत पालिकेनेच मोजावी हे त्यातले सूत्र श्वानदंशाच्या याचिकेतही मांडता येते.

श्वानदंशाचा थेट दर पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये लावला. मोकाट जनावरांमुळे झालेल्या हानीच्या १९३ याचिका एकत्र निकाली काढताना दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये आणि मांस तुटले असल्यास दर ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान वीस हजार रुपये असे त्याने सांगितले. अर्ज जिल्हा पातळीवरच्या समितीकडे करायचा आणि समितीने चार महिन्यांत निर्णय द्यायचा, अशी ही व्यवस्था. हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून वापरता येतो. त्यातली मोजणी सोपी आहे, आणि दोषही तिथेच. शाळेला जाताना गल्ली टाळणाऱ्या मुलाची धास्ती दातांच्या खुणांत मोजता येत नाही. ‘किमान’ या शब्दाचा आधार घेऊन ती वेगळी मागावी लागते.

केरळात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने अर्ज ऐकून भरपाईच्या शिफारशी केल्या. ज्या प्रकरणसमूहातून हे घडले त्याचे एक टोक गोव्यात आहे. उपद्रवी भटकी कुत्री मारता येतात का, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००८ मध्ये दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०२४ मध्ये ते प्रकरण बंद झाले आणि पक्षकारांना २०२३च्या नियमांच्या आधारे उच्च न्यायालयांकडे जाण्याची मुभा मिळाली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवून ती पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश दिला. त्यानंतर अशा आवारात दंश झाल्यास कर्तव्यभंग दाखवणे तुलनेने सोपे व्हावे.

वन्य प्राण्याच्या हल्ल्याशी तुलना केली की कायद्यातली विसंगती ठळक होते. जुन्नरच्या उसात बिबट्याने हल्ला केला तर वनविभागाकडून ठरलेली आर्थिक मदत मिळते, कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. त्याच वस्तीत कुत्रा चावला तर चूक कोणाची इथपासून सुरुवात.

पुरावा : दाव्याचा कणा रुग्णालयाच्या केसपेपरात असतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा हे वैद्यकीय सांगणे कायद्याच्याही सोयीचे आहे, कारण त्याच दिवशीची नोंद सर्वांत विश्वसनीय ठरते. डॉक्टर जखमेची श्रेणी लिहितात. कातडी फाटून रक्त आले असल्यास ती तिसरी, आणि तेव्हा लसीसोबत सीरमही द्यावे लागते. जखमांची संख्या, जागा आणि लांबी केसपेपरावर लिहून घ्यावी, न धुतलेल्या नव्हे तर धुतलेल्या जखमेचे फोटो काढावेत. खासगी रुग्णालयाची बिले, रजेचा दाखला, रोजंदारी असल्यास मुकादमाचे पत्र जपावे. भटक्या कुत्र्याच्या बाबतीत एक तपशील सहज निसटतो : नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. खाच नसेल तर पालिकेची मोहीम त्याच्यापर्यंत पोचली नव्हती असे म्हणता येते. आपल्या प्रभागात किती शस्त्रक्रिया झाल्या, आधी किती तक्रारी आल्या होत्या, हे माहिती अधिकारात मागता येते.

मृत्यू झाल्यास १८५५च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली पती वा पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी दावा करता येतो. त्याची सर्वसाधारण मुदत दोन वर्षे. दिवाणी दाव्यात मागणीच्या रकमेनुसार न्यायालयशुल्क भरावे लागते आणि बरेच जण तिथेच थबकतात. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग यांना १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि शुल्काचा भारही उचलला जातो. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज चालतो. शेजाऱ्याचा कुत्रा असेल तर प्रकरण पुष्कळदा न्यायालयाबाहेरच मिटते. अशा वेळी रक्कम, पुढच्या उपचारांची जबाबदारी आणि कुत्र्याला साखळी-मुसक्यांत फिरवण्याची हमी लेखी घ्यावी. आधीच नोंदलेला गुन्हा रद्द करून घेण्यासाठी मात्र अनेकदा उच्च न्यायालयातच जावे लागते.