वाचकांनीं मागून घेतलेलें सदर

मासिकाच्या संपादकास वाचकांच्या सूचना नव्या नसतात. अमुक विषयावर लेख द्या, तमुक सदर बंद करा, अक्षर मोठें घ्या, अशा पत्रांचा ढीग प्रत्येक कचेरींत पडलेला असतो, व बहुतेक वेळां तो तसाच पडून राहतो. त्यांतहि मासिक शास्त्रीय विषयांचें असलें म्हणजे वाचकास काय हवें हें वाचकापेक्षां आपणांसच अधिक कळतें, अशी संपादकाची ठाम समजूत असते. ही समजूत सर्वस्वीं खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण अमेरिकेंतील एका प्रसिद्ध मासिकाची हकीकत या बाबतींत विचार करावयास लावणारी आहे.

‘सायंटिफिक अमेरिकन’ हें पत्र १८४५ सालीं साप्ताहिकाच्या रूपानें निघालें. पेटंटांच्या याद्या व नव्या यंत्रांचीं वर्णनें यांवर तें कित्येक दशकें पोसलें, आणि १९२१ मध्यें त्याचें मासिक झालें. पुढें दोन वर्षांनीं अल्बर्ट इंगॉल्स हा कॉर्नेल विद्यापीठाचा पदवीधर त्याच्या संपादकवर्गांत आला. त्याला दुर्बिणीचा नाद होता. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत चाळतां चाळतां एका ज्योतिषविषयक मासिकाच्या जुन्या अंकांत त्याला रसेल पोर्टर नांवाच्या गृहस्थाचा लेख सांपडला.

हा पोर्टर मोठा विलक्षण मनुष्य. उत्तर ध्रुवाकडील मोहिमांत चित्रकार म्हणून त्यानें ऐन उमेदीचीं वर्षें घालविलीं होतीं. आणि पुढें व्हरमाँट संस्थानांतील स्प्रिंगफील्ड या आपल्या जन्मगांवीं, यंत्रें बनविणाऱ्या एका कारखान्यांत तो नोकरीस राहिला होता. १९२० सालीं कांच घासून दुर्बिणीचे आरसे कसे करावे हें त्यानें गांवच्या मंडळींस शिकविण्यास आरंभ केला. वर्गांत पंधरा पुरुष व एक स्त्री. बहुतेक कारखान्यांत काम करणारीं माणसें, ज्योतिषाचे पंडित कोणीहि नव्हते. १९२३ च्या अखेरीस त्यांनीं आपलें मंडळ स्थापिलें व गांवाबाहेरच्या टेकडीवर स्वतः राबून एक लहानसें घर उभारलें. ताऱ्यांचें देऊळ अशा अर्थाचें ‘स्टेलाफेन’ हें नांव त्याला दिलें.

इंगॉल्स १९२५ च्या उन्हाळ्यांत तेथें जाऊन आला, व नोव्हेंबरच्या अंकांत त्यानें या मंडळीची हकीकत छापली. मथळा बायबलांतील एका स्तोत्रावरून घेतलेला होता. अशी दुर्बीण स्वतः करून पाहण्याची कोणास इच्छा असेल तर त्यानें तसें कळवावें, असेंहि त्यानें वाचकांस विचारलें. साडेतीनशेंहून अधिक पत्रें आलीं. देशाच्या मानानें ही संख्या कांहीं डोळे दिपविणारी नव्हे, आणि एखाद्या सावध व्यवस्थापकानें ती हंसण्यावारी नेली असती. परंतु हीं पत्रें केवळ पसंतीचीं नव्हतीं. लिहिणारांस पुढचें पाऊल कसें टाकावें हें हवें होतें.

तें पाऊल सोपें नव्हे. सारख्या आकाराच्या दोन जाड कांचेच्या चकत्या घ्यावयाच्या. एक पिंपावर घट्ट बसवावयाची, दुसरी तिच्यावर ठेवून मध्यें कारबोरंडमची पूड व पाणी घालावयाचें, आणि पिंपाभोंवतीं फिरत फिरत तासन् तास घासत राहावयाचें. वरची कांच हळूहळू अंतर्गोल होते, खालची बहिर्गोल. मग राळेच्या थरावर लोखंडाच्या गंजाची तांबडी भुकटी लावून झिलई करावयाची. चमत्कार पुढेंच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यानें १८५८ च्या सुमारास शोधून काढलेल्या रीतीनें एक दिवा, एक बारीक छिद्र व एक पातें एवढ्याच सामग्रीवर आरशाच्या पृष्ठभागावरील इंचाच्या कांहीं दशलक्षांश भागाइतका उंचसखलपणा डोळ्यांस दिसतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत बसून एवढी बारीक मोजणी करतां येते, हें पुस्तकांत वाचणें निराळें आणि पाहणें निराळें. आम्हीं विद्यार्थिदशेंत अशी एक कांच घासावयास घेतली होती. शेवटच्या आठवड्यांत तिला ओरखडा पडला. ती अद्याप आमच्या मेजावर कागद दाबावयास उपयोगी पडते.

पोर्टरनें १९२६ मध्यें त्या मासिकांत आरसा घासण्याची रीत लिहिली, आणि त्याच वर्षीं इंगॉल्सनें ‘ॲमेच्युअर टेलिस्कोप मेकिंग’ हें पुस्तक संपादिलें. आयर्लंडमधील धर्मोपदेशक एलिसन यांचें जुनें लिखाणहि त्यांत घेतलें होतें. १९२८ पासून मासिकांत स्वतंत्र सदरच सुरू झालें. पुढें त्याचें नांव पालटलें, पण त्याचा मजकूर वाचकच पुरवीत. कोणी नवी युक्ति कळवी, कोणी आपली फजिती, कोणी घरच्या दुर्बिणीचें छायाचित्र. १९३७ सालीं पुस्तकाचा दुसरा भाग निघाला तो अशाच अनेक हातांचा. वाचक शिष्याचा सहकारी झाला, व पुष्कळदां गुरूच्याहि पुढें गेला. पोर्टरला १९२८ मध्यें पॅसाडेना येथें दोनशें इंची महादुर्बिणीच्या कामासाठीं बोलावणें आलें; ती दुर्बीण १९४८ सालीं पालोमार पर्वतावर उभी राहिली.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. येईल ती सूचना संपादकानें मान्य करावी असें यावरून ठरत नाहीं. पुष्कळ वाचक जें आहे तेंच आणखी मागतात. इंगॉल्सनें नेमका प्रश्न विचारला, आणि होकार आल्यास शिकविणारा मनुष्य त्याच्याजवळ होता. हीं दोन्ही नसतीं तर तीं पत्रें टोपलींतच गेलीं असतीं.

दुसऱ्या महायुद्धांत याचा अनपेक्षित उपयोग झाला. सैन्याच्या दुर्बिणींसाठीं छपराच्या आकाराचे कांचेचे लोलक हवे होते. ते घासणारीं कसबी माणसें मोजकीं. इंगॉल्सनें आपल्या हौशी वाचकांस हांक दिली. त्यांतले कितीक हरले, पण जे टिकले त्यांनीं घरच्या कार्यशाळांतून हजारों लोलक घासून दिले.

१९५२ सालीं सदराचें नांव ‘द ॲमेच्युअर सायंटिस्ट’ असें झालें व दुर्बिणीखेरीज इतर प्रयोगांसहि त्यांत जागा मिळाली. तीन वर्षांनीं इंगॉल्सनें तें स्टाँग यांच्या स्वाधीन केलें. १९५८ सालीं तो वारला. सदर मात्र २००१ पर्यंत चाललें. स्प्रिंगफील्डच्या टेकडीवरील मेळावा १९२६ मध्यें मूठभर मंडळींनीं सुरू केला. आजहि उन्हाळ्यांत तेथें माणसें आपापल्या हातानें केलेल्या दुर्बिणी घेऊन येतात, आणि अंधार पडण्याची वाट पाहतात.