हॉटेल, कपबशी आणि आपण

शाळेत आपल्याला लढाया शिकवल्या, तह शिकवले, राजांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या. हॉटेलाचा इतिहास कुणी शिकवला नाही. मी सूतगिरणीत रिंग खात्यात डॉफर आहे. जे काय वाचलं ते रातपाळी सुटल्यावर वाचलं, आणि त्यातलं अर्धं हॉटेलातल्या बाकड्यावर बसून वाचलं. म्हणून या बाकड्याचीच चौकशी करावी असं डोक्यात आलं. या बाकड्यावर बसायचा हक्क आपल्याला कधी मिळाला? कुणी दिला? आणि खरंच मिळालाय का?

मित्रांनो, माणूस देवळात सणासुदीला जातो, पण चहाला दिवसातून चारदा जातो. म्हणून जातीची परीक्षा देवळापेक्षा हॉटेलात जास्त वेळा झाली. रोटीबंदी हा जातीचा एक खांब. कुणी कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं, कुणाचं उष्टं कुणाला चालतं, हे सगळं ठरलेलं. इंग्रजी अमलात शहरं वाढली, रेल्वे आली, गिरण्या आल्या. घर सोडून आलेल्या माणसाला पैसे देऊन बाहेर खाणं भाग पडलं. तिथं जातीची पंचाईत झाली. पैसा तर सगळ्यांचा सारखाच खणखणतो, मग कपाचं काय करायचं?

जातीनं त्यावर तोडगा काढला. हॉटेलाच्या पाट्यांवर जात चढली. ‘ब्राह्मणांचे हॉटेल’, ‘हिंदू हॉटेल’ अशा पाट्या लागल्या. अशी पाटी दोन माणसांशी बोलते. एकाला म्हणते, ये, इथं तुझा धर्म बुडणार नाही. दुसऱ्याला म्हणते, तू पुढं चल. हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. मद्रासेत तिरुवल्लिकेणीच्या मुरली कॅफेच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द पुसावा म्हणून पेरियारांच्या माणसांनी १९५७ साली आंदोलन केलं. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं झाली होती, घटना लागू होऊन सात, तरी एक शब्द पुसायला माणसं तुरुंगात जायला तयार व्हावी लागली.

गावाकडं पाटीचीही गरज नव्हती. तिथं कप बोलायचा. आमच्या वस्तीतली एक म्हातारी आत्या सांगते, “आमचा कप भाईर भिताडाला खिळ्याला टांगल्याला असायचा. कान तुटका. आमीच घ्यायचा, वरनं च्या ओतायचा त्यो, पिऊन आमीच इसळायचा, परत खिळ्याला. पैसं मातर हातात घ्यायचा न्हाई, फळीवर ठिवायला लावायचा. मग पानी शिपडायचा न् उचलायचा.” पैशावर पाणी शिंपडलं की पैसा शुद्ध, माणूस मात्र कशानंच शुद्ध होत नाही. या कपबशीचा फोटो कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात मी बघितला नाही. पण ज्यांनी तो खिळा बघितला ती माणसं अजून जिवंत आहेत, आपल्याच घरात आहेत.

गिरणीत हेच होतं, फक्त कपाच्या जागी धागा होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथं आपल्या माणसांना मज्जाव. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. तुझ्या ओठाला लागलेला धागा माझ्या ओठाला कसा चालेल? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. जगातल्या कामगारांनो एक व्हा म्हणणाऱ्यांना एका धोट्यावर एक होता येत नव्हतं. चांगल्या पगाराची वाट ओठापाशी अडत होती. हॉटेलातला कप आणि खात्यातला धोटा, दोन्हीकडं भांडण ओठाचंच.

त्याच मुंबईत एक वेगळं टेबलही होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द, केरमान भागातून झरतुष्ट्री माणसं पोटासाठी मुंबईला आली आणि नाक्यानाक्यावर चहाची दुकानं टाकून बसली. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापाऱ्याला अशुभ वाटायची म्हणून ती इराण्याला मिळाली, असं सांगतात. कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, भिंतीला आरसे, ब्रून मस्का आणि चहा. इराण्याच्या रोटीबंदीच्या यादीत तुमची-आमची जात नव्हती. चहाचे पैसे टाक आणि बस. गिरणी कामगार, हमाल, नाटकवाला, बेकार कवी सगळे त्याच टेबलावर. ज्याच्या खोलीत दहा-बारा माणसं पाळीपाळीनं झोपतात, त्याला आरशासमोर तासभर बसायला मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

पण म्हणून इराण्याला लगेच क्रांतिकारक ठरवू नका. त्याच धर्माच्या माणसांचा दुसरा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलाय. १९१७ साली अमेरिका-इंग्लंडात शिकून ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून पारशाच्या सराईत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. म्हणजे बघा, मुंबईत इराण्याचं टेबल उघडं आणि बडोद्यात पारशाची सराई बंद. धर्म एक, अनुभव दोन. फरक कुठं पडला? मुंबईत चहावाल्याला गिऱ्हाईक कोण हे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची गरज नव्हती. बडोद्यात नाव विचारलं गेलं. जिथं नाव विचारत नाहीत तिथं आपल्याला चहा मिळतो. पण नाव लपवून मिळालेल्या चहाला समता म्हणायचं का?

याचं उत्तर आमच्या कोल्हापुरानं दिलंय. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्याला शिक्षा केलीच, पण तिथंच थांबले नाहीत. गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं आणि सांगितलं, स्वतःचा धंदा कर. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः यायला लागले. गाडी हॉटेलापुढं उभी करायचे, चहा मागायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचे. राजाच्या हातात कप आहे म्हटल्यावर ‘नको’ म्हणायची कुणाची छाती?

या गोष्टीत राजाचं मोठेपण सगळे सांगतात. मला गंगारामांचं मोठेपण जास्त वाटतं. इराण्याच्या टेबलावर आपण गिऱ्हाईक होतो. इथं आपला माणूस गल्ल्यावर बसला, आणि नाव लपवून नाही, गंगाराम कांबळे या नावानंच बसला. ओठाचं भांडण त्यानं उलटं फिरवलं. मला तुझ्या कपातून पिऊ दे, एवढीच मागणी आजवर होती. आता माझ्या कपातून तू पी, असं झालं. पुढं १९२० च्या मार्चमध्ये माणगावला परिषद झाली आणि महाराजांनी तिथं सांगितलं की आंबेडकर हेच तुमचे पुढारी. माणगाव आमच्या इचलकरंजीपासून सायकलीवर जाण्याएवढं जवळ.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी. त्यात एक गोष्ट मात्र आपण घाईनं वाचून जातो. पाणी पिऊन झाल्यावर सवर्णांनी हल्ला केला तो मंडपातल्या जेवणावरही केला. शिजवलेलं अन्न मातीत कालवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत समाज समता संघ निघाला, सहभोजनं झाली. तरी १९३६ च्या ‘जातिसंहारा’च्या निबंधात बाबासाहेबांनी साफ सांगितलं की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही, खरा इलाज आंतरजातीय लग्नाचा. म्हणजे कप एक झाला की काम संपलं असं त्यांना कधीच वाटलं नाही. आणि तरीही घटनेत हॉटेल आलं! कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन बंदी उठवलीय. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ विचारला गेला तेव्हा बाबासाहेबांनी तो मुद्दाम रुंद केला. जो कोणी पैसे घेऊन सेवा देतो तो त्यात आला. अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही त्याच दिवशी मंजूर झालं.

१९५५ साली अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा आला. १९७६ मध्ये तो कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव दिलं. त्याचं चौथं कलम प्रत्येक कार्यकर्त्यानं पाठ करावं. हॉटेलात जाऊ न देणं हा गुन्हा, आणि हॉटेलातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा. भांडी! त्या खिळ्यावरच्या कपासाठी देशाच्या संसदेला कायदा लिहावा लागला. शिक्षा कमीत कमी एक महिना, जास्तीत जास्त सहा महिने, वर दंड. माल विकायला किंवा सेवा द्यायला नकार दिल्याचं शाबीत झालं तर धंद्याचा परवानाही कोर्ट रद्द करू शकतं. आणि एवढ्यानंही पाणवठे एक झाले नव्हते. म्हणूनच १९७२ साली बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली.

आता बारचं बोलू. चळवळीतली माणसं यावर बोलायला लाजतात. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यात प्यायची तर परमिट पाहिजे. पुढं बंदी ढिली झाली, धंदा वाढला, पण ‘परमिट रूम’ हे नाव पाटीवर राहिलं. आमच्या वस्तीच्या तोंडाशी असंच एक ‘रेस्टॉरंट अँड बार’ आहे. नाव घेत नाही. गेले काही महिने मी तिथं खाणाऱ्या-पिणाऱ्या लोकांना विचारत फिरलो. एक जॉबर मामा म्हणाले, “हितं जात कुणी इचारत न्हाई, फकस्त बिल इचारत्यात.” सफाई खात्यातला एक दोस्त म्हणाला, कामाच्या कपड्यावर गेलो की वेटर म्हणतो पार्सल घेऊन जा. तोच दोस्त इस्त्रीचा शर्ट घालून गेला की ‘या साहेब’. कॉलेजातली एक पोरगी म्हणाली, फॅमिली सेक्शनला जायचं तर बरोबर फॅमिली पाहिजे, मी एकटी म्हणजे कोण? आणि तिथंच भांडी घासणारी मावशी म्हणाली, “माज्या हातच्या घासल्याल्या ताटात समदी जेवत्यात. मी मातर मागच्या दारात बसून जेवती.”

एकाच हॉटेलाबद्दल चार माणसं चार गोष्टी सांगतात, आणि चारी खऱ्या आहेत. जॉबर मामांचा अनुभव खोटा ठरवून मावशीचा मोठा करायचा नाही, आणि मामांच्या अनुभवावर ‘आता जात राहिली नाही’ असं भाषणही ठोकायचं नाही. परमिट रूममधल्या अंधारात जात विचारत नाहीत, हे खरंय. पण ती समता ग्लास रिकामा होईपर्यंतची. सकाळी तोच बाजूला बसलेला माणूस भाड्याची खोली देताना आडनाव विचारतो. आणि त्या समतेचं बिल घरी बायको भरते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती सोवळेपणापायी नाही. ज्याच्याकडं गमवायला फक्त मजुरी आहे त्यानं ती कुठं गमावू नये, एवढा साधा हिशेब आहे तो.

गावाकडं आता खिळ्यावरचा कप बहुतेक गेला. त्याच्या जागी काय आलं ते नीट बघा. एका गावात लग्नाला गेलो होतो. टपरीवर गावकऱ्यांना काचेच्या ग्लासात चहा, आणि आमच्या वस्तीकडून आलेल्यांना न विचारता कागदी कप. मी ग्लास मागितला. मालक हसून म्हणाला, “स्वच्छतेसाठी हाय पावणं.” मग बाकीच्यांना स्वच्छता नको का, असं विचारल्यावर हसू गेलं, ग्लास आला. आधी आमचा कप आम्ही विसळायचो, आता आमचा कप फेकून देतात. प्रगती झाली! आणि गंगारामांची लढाई तर अजून सुरूच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात शाळेतल्या सवर्ण पोरांनी दलित बाईच्या हातचं जेवण नाकारलं. आमच्यातले जे हॉटेल काढतात तेही पाटीवर आडनाव घालायला बिचकतात.

म्हणून माझं तरुण कार्यकर्त्यांना एवढंच सांगणं आहे. जयंतीला डीजे लागायचा तो लागेल, त्याआधी एक वही घ्या. वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारा. तुमचा कप कुठं ठेवलेला असायचा? पहिल्यांदा आत कधी बसलात, आणि कुणाबरोबर? आपल्यातल्या कुणी हॉटेल काढलं होतं का, ते चाललं का? गावाचं नाव, साल, जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहा. ही माणसं गेली की तो खिळाही जाईल, आणि उद्या कुणीतरी पुस्तकात लिहील की आपल्याकडं असलं कधी नव्हतंच. त्या दिवशी पुढं टाकायला आपल्या हातात ही वही पाहिजे.

जय भीम.