अमेरिकेतील प्रसारण-नियमन आणि न्याय्यतेचे तत्त्व (१९४९ ते १९८७) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वृत्तपत्र काढण्यासाठी शासनाच्या परवान्याची गरज नसते. नभोवाणी केंद्र मात्र परवान्याशिवाय चालविता येत नाही. परवाना देणाऱ्या शासनाने प्रसारकाकडून वैचारिक समतोलाची अपेक्षा करावी काय, हा विसाव्या शतकातील एक महत्त्वाचा प्रश्न होता. अमेरिकेने 'फेअरनेस डॉक्ट्रिन' अर्थात न्याय्यतेच्या तत्त्वाद्वारे त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. प्रस्तुत लेखात या तत्त्वाचा उदय, वापर व अंत यांचा आढावा घेऊन त्याचा भारतीय संदर्भ तपासण्यात आला आहे.

तत्त्वाची जडणघडण :
१९२७ च्या रेडिओ कायद्याने ध्वनिलहरींचा वापर 'लोकहित, सोय वा निकड' या कसोटीशी जोडला. १९३४ च्या कायद्याने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (एफसीसी) अस्तित्वात आले. याच कायद्याच्या कलम ३१५ नुसार, निवडणुकीतील एका उमेदवारास केंद्र वापरू दिल्यास इतर उमेदवारांनाही समान संधी देणे बंधनकारक झाले. १९४१ च्या 'मेफ्लॉवर' निर्णयात तर प्रसारकाने स्वतःच्या मताचा पुरस्कारच करू नये, अशी भूमिका आयोगाने घेतली. १९४९ च्या अहवालात ती बदलली. प्रसारकास मत मांडण्याची मुभा मिळाली. परंतु त्याच्यावर दोन कर्तव्ये आली. सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांना पुरेसा वेळ देणे हे पहिले आणि त्या प्रश्नांवरील विरोधी मतांनाही वाव देणे हे दुसरे. प्रत्येक बाजूस मिनिटे मोजून सारखा वेळ देण्याची सक्ती मात्र या तत्त्वात नव्हती. समतोल एकाच कार्यक्रमात नव्हे, तर केंद्राच्या एकूण कार्यक्रमांत अपेक्षित होता.

तत्त्वाचे सामर्थ्य :
मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथील डब्ल्यूएलबीटी या दूरचित्रवाणी केंद्राचे प्रकरण या संदर्भात बोलके आहे. केंद्राच्या मुख्य प्रक्षेपण क्षेत्रातील सुमारे ४५ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. तथापि वंशविभेदाच्या प्रश्नावर केंद्र एकाच बाजूचा प्रचार करीत असल्याच्या तक्रारी होत्या. १९६४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या संस्थेने स्थानिक नागरिकांसह परवाना-नूतनीकरणास आव्हान दिले. आर्थिक हितसंबंध नसलेल्या प्रेक्षकांना दाद मागण्याचा अधिकारच नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. १९६६ मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने ते फेटाळले आणि १९६९ मध्ये केंद्राला दिलेले नूतनीकरणही रद्द ठरविले. प्रेक्षक हा केवळ ग्राहक नसून प्रसारण-व्यवहारातील हक्कदार पक्ष आहे, ही गोष्ट यामुळे प्रस्थापित झाली.

त्याच वर्षी 'रेड लायन' खटल्याचा निकाल लागला. पेनसिल्व्हेनियातील एका लहान केंद्रावरून १९६४ मध्ये बिली जेम्स हार्गिस या धर्मोपदेशकाने पत्रकार फ्रेड कुक यांच्यावर टीका केली होती. कुक यांनी उत्तरासाठी विनामूल्य वेळ मागितला; केंद्राने त्याचे शुल्क मागितले. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांच्या निकालपत्राद्वारे एकमताने कुक यांच्या बाजूने कौल दिला. ध्वनिलहरी मर्यादित असल्याने प्रसारकाच्या हक्कापेक्षा श्रोत्याचा हक्क श्रेष्ठ होय, असा या निकालाचा आशय होता.

तत्त्वाची दुसरी बाजू :
या विजयाला एक काळी किनारही होती. उजव्या विचारांच्या नभोवाणी केंद्रांना तक्रारींनी जेरीस आणण्यासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या यंत्रणेने या तत्त्वाचा पद्धतशीर वापर केला आणि कुक यांच्या लेखनामागेही या यंत्रणेचे पाठबळ होते, ही माहिती फ्रेड फ्रेंडली यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात उजेडात आणली. म्हणजे श्रोत्याच्या हक्कासाठी घडविलेले शस्त्र सत्ताधाऱ्यांच्याही हाती लागू शकत होते. दुसरीकडे, १९७४ च्या 'टॉर्निलो' खटल्यात वृत्तपत्रांवर उत्तर छापण्याची सक्ती करणारा फ्लोरिडाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. छापील शब्द आणि ध्वनिक्षेपित शब्द यांना दोन भिन्न न्याय लागू झाले.

तत्त्वाचा अंत :
मार्क फाउलर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८५ च्या अहवालात असा निष्कर्ष काढला की, माध्यमांची संख्या वाढली आहे आणि तक्रारींच्या भयाने प्रसारक वादग्रस्त विषयच टाळतात. १९८७ मध्ये काँग्रेसने या तत्त्वास कायद्याचे स्वरूप देणारे विधेयक संमत केले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. ऑगस्ट १९८७ मध्ये सिराक्यूज येथील एका केंद्रावरील अणुवीज प्रकल्पाच्या जाहिरातींच्या प्रकरणात आयोगाने या तत्त्वाची अंमलबजावणी थांबविली. २०११ मध्ये नियमावलीतील त्याचे उरलेसुरले उल्लेखही वगळण्यात आले. कलम ३१५ मात्र कायम राहिले.

भारतीय संदर्भ :
भारतात प्रसारण दीर्घकाळ शासनाच्याच हाती असल्याने प्रश्नाचे स्वरूप वेगळे होते. येथे शासनाने प्रसारकावर नव्हे, तर स्वतःवरच अंकुश ठेवायचा होता. १९९० च्या प्रसार भारती कायद्याने माहितीचा न्याय्य व समतोल प्रवाह राखणे, त्यात भिन्न मतांना स्थान देणे आणि स्वतःच्या विचारसरणीचा पुरस्कार न करणे ही उद्दिष्टे घालून दिली. हा कायदा अमलात यायला १९९७ साल उजाडले. १९९५ च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत व त्यांच्या सहकारी न्यायमूर्तींनी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. या निकालात 'रेड लायन' खटल्याचाही परामर्श घेतला गेला.

निष्कर्ष :
अमेरिकेचा अनुभव असे दर्शवितो की, समतोलाचा नियम कागदावर कसा लिहिला आहे यापेक्षा तक्रार कोण करतो आणि निवाडा कोण देतो, हे अधिक निर्णायक ठरते. जॅक्सनमध्ये तक्रारदार उपेक्षित नागरिक होते व अंतिम निवाडा स्वतंत्र न्यायालयाचा होता. म्हणून नियम न्यायाचे साधन ठरला. जेथे तक्रारीमागे सत्ताधारी पक्ष उभा राहिला, तेथे तोच नियम दडपणाचे साधन बनला. नियम रद्द केल्याने ही समस्या सुटली नाही. विरोधी मत ऐकण्याचा श्रोत्याचा हक्क तेवढा निराधार झाला. म्हणूनच भारतात प्रसारणाच्या नियमनाचा विचार करताना सत्तेपासून अलिप्त अशी निवाडा-यंत्रणा आणि सामान्य श्रोत्यास दाद मागण्याचा अधिकार या दोन बाबींना अग्रक्रम देणे आवश्यक ठरते.