काडतुसांची जोडनावे : हिंगोलीच्या छावणीपासून हजार यार्डांच्या चांदमारीपर्यंत

मराठीतील ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी ‘कागद’ हा अर्थ आहे. १८५७ साली ज्या काडतुसाने उत्तर हिंदुस्थान पेटविला तेही कागदाचेच होते. दारू आणि गोळी चरबी लावलेल्या कागदात गुंडाळलेली असे आणि शिपायाने तो कागद दातांनी तोडून दारू नळीत ओतावयाची असे. त्या वर्षी निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौज होती व तिच्या प्रमुख ठाण्यांपैकी एक हिंगोली येथे होते. हिंगोली १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाली. तोवर ती परभणी जिल्ह्यातच मोडत असे. तेथील छावणी १९०३ पर्यंत टिकली. तिच्या अखेरच्या चाळीस वर्षांत काडतुसाने कागद टाकून पितळ धारण केले, आणि त्याबरोबरच त्याला नवे नावही मिळाले. ह्या नावाचा इतिहास शस्त्रांच्या इतिहासात सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक काडतूस कोणी, कशातून आणि कोणाच्या अनुज्ञेने घडविले हे बहुधा त्याच्या नावातच लिहिलेले असते.

१८६६ मध्ये स्वीकारलेल्या स्नायडर बंदुकीचे माप .५७७ इंच. १८७१ मध्ये आलेल्या मार्टिनी-हेन्रीची गोळी .४५० इंचाची. तिला ८५ ग्रेन दारू हवी होती. अरुंद सरळ नळकांड्यात एवढी दारू भरावयाची तर काडतूस फारच लांब होई. म्हणून रुंद बुडाचे, .५७७ मापाचे नळकांडे घेऊन त्याचे तोंड आवळण्यात आले आणि काडतुसाला बाटलीचा आकार आला. त्याचे नाव पडले .५७७/४५०. अगोदर मूळ नळकांडे, नंतर गोळी. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर हा उत्तरपदप्रधान समास आहे : ‘राजवाडा’ हा जसा वाडाच, तसे हे काडतूस .४५०चेच; .५७७ हे केवळ त्याचे विशेषण. सत्तावन्नच्या उठावानंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागचे हत्यार देण्याचे सरकारी धोरण होते. त्यामुळे गोऱ्यांच्या हाती मार्टिनी आली तरी हिंदी शिपायाकडे स्नायडरच राहिली. नावातील दोन आकड्यांमधील ती तिरपी रेघ बराच काळ वर्णभेदाचीही रेघ होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थान व सुदान येथे .४५० मापाची काडतुसे खासगी व्यक्तींस आणण्याची मनाई केली. बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या मार्टिनी बंदुकांना ह्या मापाच्या गोळ्या उपयोगी पडतील, ही त्यामागची भीती. वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी .४५० वापरणाऱ्या साहेब लोकांची व संस्थानिकांची ह्यामुळे अडचण झाली, आणि लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी तीवर त्वरित उपाय काढला. .५०० चे नळकांडे आवळून .४६५ ची गोळी बसविली, तिचे नाव .५००/४६५, त्याच सुमारास.४७०, .४७५ नं. २, .४७६ ही भावंडेही बाजारात आली. ह्यांतील एकही माप बॅलिस्टिकच्या, म्हणजे गोळीच्या गतिशास्त्राच्या, गरजेतून जन्मलेले नाही. हत्तीला .४५० आणि .४७० यांतला फरक कळण्याचे कारण नव्हते. तो फक्त कस्टमच्या कारकुनाला कळावयाचा होता.

.३०३ ची गोष्ट याहून बोलकी आहे. हे सैन्याचे माप म्हणून हिंदी नागरिकास वर्ज्य ठरले. त्या जागी .३१५ आले. हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील ८ मिलिमीटर मानलिखर काडतूस होय. आठ मिलिमीटर म्हणजेच.३१५ इंच. स्वतःच्या सैन्याचे काडतूस रयतेला नाकारणाऱ्या कायद्याला परक्या सैन्याचे काडतूस चालले, कारण ते सरकारी कोठारातील रायफलीत बसत नव्हते. स्वातंत्र्यानंतरही हे माप कायम राहिले. इच्छापूरच्या कारखान्याने .३१५ ची शिकारी रायफल बनविली आणि १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याने तिची काडतुसे पुरविली.

येथे आकडा किती फसवा असतो तेही पाहण्यासारखे आहे. रायफलीच्या नळीत आटे पाडलेले असतात. नावातील माप बहुधा आट्यांच्या कण्यांमधील अंतराचे असते, तर गोळी खाचांपर्यंत पोचावी लागते. म्हणून .३०३ ची गोळी प्रत्यक्षात सुमारे .३११ इंच, .३१५ ची सुमारे .३२३ इंच, आणि ‘साडेसहा मिलिमीटर’ म्हणविणारी ६.७ मिलिमीटर असते. नाव वाचून काडतूस बसविणाऱ्याची बंदूक फुटू शकते. आपल्याकडील ‘बारा बोर’ तर उलट्याच हिशेबाचे : नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड. आकडा वाढला की नळी बारीक. (परभणीकडील खेड्यांत ‘बोर’ म्हटले की फळ किंवा विंधनविहीर हीच आधी आठवते, हा भाग वेगळा.)

इंग्रज बंदूककाराने कायद्यापोटी जे केले ते अमेरिकेतील हौशी नेमबाजाने अचूकतेपोटी केले. कारखान्याचे नळकांडे घ्यावयाचे, त्याचे तोंड आवळावयाचे किंवा खांदा मागे-पुढे सरकवावयाचा, आणि त्यासाठी स्वतंत्र नळी कोरून घ्यावयाची. अशा काडतुसास तेथे ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. शब्दशः रानमांजर, पण एकोणिसाव्या शतकात भरवसा नसलेल्या बँकांना आणि अनोळखी जमिनीत खणलेल्या तेलविहिरींनाही तेथे हेच विशेषण लागत असे. मराठवाड्याच्या जुन्या दप्तरी भाषेतून घ्यावयाचा तर ‘बेसनदी’ हा शब्द येथे चपखल बसेल. कारखान्याने स्वीकारले की काडतुसाला सनद मिळते. .२२-२५० ला ती १९६५ मध्ये आणि .२५-०६ ला १९६९ मध्ये मिळाली.

अमेरिकन नावात समासाची पदे उलटतात : गोळी आधी, मूळ नळकांडे नंतर. मात्र जोडरेघेनंतरच्या आकड्याचा अर्थ एक नाही. .४५-७० मधील ७० म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन; .३०-०६ मधील ०६ म्हणजे १९०६ हे वर्ष; .२५०-३००० मधील ३००० म्हणजे सेकंदाला तीन हजार फूट ही जाहिरातीची गती, आणि.२५-०६ मधील ०६ म्हणजे ते वर्ष नव्हे, तर त्या वर्षाचे नाव मिळालेले नळकांडे. संज्ञा अशी एका पिढीत अर्थ गमावते आणि पुढच्या पिढीत नुसती खूण म्हणून उरते. भाषेत हे नेहमीच घडते. लोखंडाच्या धंद्यात ते इतके उघड क्वचित दिसते.

दूरच्या नेमबाजीसाठी ह्या बेसनदी काडतुसांची तुलना करताना गती हाच एक निकष धरणे चुकीचे ठरते. १९७० च्या दशकात पाल्मिसानो व पिंडेल यांनी .२२० रशियन नळकांड्यातून ६ मिलिमीटर पीपीसी घडविले. ते बुटके व रुंद आहे. दारू लहान नळकांड्यात एकसारखी पेटते, आणि शंभर-दोनशे यार्डांवर गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून जातात. परंतु हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, गोळीला दीड सेकंदाच्या आसपास हवेत राहावे लागते, आणि तेवढ्यात वारा तिला ढकलतो. तेथे १४० ग्रेनच्या आसपासची लांब निमुळती गोळी हवी. १९६३ च्या .२८४ विंचेस्टरचे तोंड आवळून केलेले ६.५-२८४ ह्या कामी गाजले व १९९९ मध्ये नॉर्मा कंपनीने त्याला सनद दिली. त्याचा दोष असा की तप्त वायूने नळीचा गळा लवकर झिजतो. ६ मिलिमीटर डॅशर थोड्या दारूत भागवते व हाताला धक्का कमी देते, पण जोरदार वाऱ्यात त्याची हलकी गोळी अधिक सरकते. दोन काडतुसांपैकी श्रेष्ठ कोणते, ह्या प्रश्नास म्हणूनच उत्तर नाही. किती अंतरावर, कोणत्या वाऱ्यात आणि किती नळ्या झिजविण्याची ऐपत असताना, एवढे आधी सांगावे लागते. २००७ चे ६.५ क्रीडमूर ह्या सर्वांहून मध्यम गतीचे असूनही लोकप्रिय झाले ते ह्याच कारणाने. त्याने नाव घेतले ते न्यूयॉर्कजवळील ज्या चांदमारीच्या मैदानाचे, तेथे १८७४ मध्ये आयरिश व अमेरिकन संघ हजार यार्डांवर लढले होते.

महाराष्ट्रात बेसनदी काडतुसांची परंपरा निर्माण झाली नाही. ह्याचे कारण कौशल्याचा अभाव हे नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली काडतूस बनविण्यासही परवाना लागतो; घरच्या टेबलावर नळकांडे आवळीत बसणारा अमेरिकन हौशी माणूस येथे संभवतच नाही. म्हणून येथील नेमबाजी .२२ लाँग रायफल ह्या १८८० च्या दशकातील छोट्या काडतुसाभोवती वाढली. ह्याचा स्फोटक मसाला बुडाच्या काठात असतो. एकदा उडाले की ते पुन्हा भरता येत नाही, अर्थात त्यातून रानमांजर जन्मास येणे कठीण. तुलना तेथेही होते, पण ती एकाच नावाच्या काडतुसांच्या निरनिराळ्या घाण्यांची. रायफल घट्ट आवळून प्रत्येक घाण्यातील गोळ्या झाडावयाच्या आणि आपल्या नळीला मानवणारा घाणा निवडावयाचा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले, ते ह्याच काडतुसावर.

परभणीच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे निराळे आहे. रानडुकरे रात्रीतून ज्वारी व भुईमूग आडवे करतात. त्याच्यासाठी १९५९ च्या अधिनियमाने पीकसंरक्षणाच्या कलमात ज्या हत्याराचे नाव घेतले ते म्हणजे ठासणीची बंदूक. तीत दारू तोंडाकडून ओतावयाची आणि गजाने ठासावयाची. तिला काडतूस लागत नाही. आणि दारू ओतण्याची ही रीत हिंगोलीच्या छावणीतील शिपायाने स्नायडर हाती येताच सोडून दिली होती.