टॉर्चच्या अर्ध्या क्लिकचा इतिहास

स्वस्तातली एलईडी टॉर्च आणायची, उघडायची आणि आतली इलेक्ट्रॉनिक्स बदलायची, हा जगभरातल्या हौशी लोकांचा उद्योग. 2010 मध्ये क्री कंपनीचा एक्सएम-एल आल्यावर असल्या टॉर्चमधून भरपूर उजेड मिळू लागला. पण मला खरा रस आहे तो ड्रायव्हरवरच्या चिपमध्ये.

ही चिप बऱ्याचदा एटीटायनी13ए असते. प्रोग्रामला जागा 1 केबी, रॅम फक्त 64 बाइट. गंमत अशी की टॉर्चच्या शेपटाकडचा एकुलता एक स्विच चिपचीच वीज तोडतो. मग बटण अर्धवट दाबून मोड बदलायला सांगितलंय, की टॉर्च तासभर बंद होती, हे चिपला कळणार कसं?

सुरुवातीला चालू झाल्यावर थोड्या वेळाने ईईप्रॉममध्ये खूण करत. त्यातून टॉर्च किती वेळ चालू होती ते कळतं, किती वेळ बंद होती ते नाही. मग पिनला कपॅसिटर जोडला. तो किती रिकामा झाला त्यावरून अंदाज. पण एवढ्याशा बोर्डावर जास्तीचं सोल्डरिंग कोण करणार? त्यावरची युक्ती मला भारी वाटते: वीज गेल्यावर रॅम लगेच पुसली जात नाही. ठरावीक बाइट शाबूत सापडले, तर क्लिक छोटा होता. कपॅसिटरची गरजच संपली!

हाच गुणधर्म इतरत्र धोका ठरतो. 2008 मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी संगणकाच्या डीरॅममध्ये रेंगाळलेल्या डेटातून एन्क्रिप्शनच्या किल्ल्या काढून दाखवल्या. त्यांनी मेमरी गार केली होती, कारण थंडीत डेटा जास्त टिकतो. मग फ्रीजमधल्या टॉर्चला किती लांब क्लिकही 'छोटा' वाटेल? मोजायला स्टॉपवॉच पुरे.