रिओचें जळालेलें दप्तर

वस्तुसंग्रहालय म्हटलें कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें कांचेचीं कपाटें उभीं राहतात. त्या कपाटांतील प्रत्येक वस्तूखालीं एक लहानशी चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीच्या मागें, इमारतीच्या कोठल्या तरी आंतल्या खोलींत, एक नोंदवही असते. आणि नोंदवहीच्याहि मागें ती वस्तु ज्यानें मिळविली त्याचीं टिपणें, पत्रें, नकाशे व छायाचित्रें असतात. हें दप्तर प्रेक्षकास कधीं दिसत नाहीं. परंतु तें नसेल तर पिसांचा मुकुट हा नुसता पिसांचा मुकुट राहतो. तो कोणी केला, कोणत्या प्रसंगीं घालावयाचा, त्या वेळीं कोणतें गाणें म्हणावयाचें, हें सांगणारें कोणी उरत नाहीं. मानवशास्त्राच्या संग्रहालयांत वस्तु हें शरीर व दप्तर हा प्राण, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. ह्या विधानाची कठोर परीक्षा ब्राझील देशांतील रिओ द जानेरो येथें २ सप्टेंबर २०१८ च्या रात्रीं झाली. त्या परीक्षेची हकीकत विचार करण्याजोगी आहे.

रिओचें राष्ट्रीय संग्रहालय पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव ह्यानें ६ जून १८१८ रोजीं स्थापिलें. युरोपांतील राजानें अमेरिकेंत संग्रहालय कां स्थापावें, ह्याचें उत्तर नेपोलियनच्या स्वाऱ्यांत आहे. १८०७ च्या अखेरीस फ्रेंच सैन्य लिस्बनवर चालून येत आहे असें पाहतांच पोर्तुगालचा सारा दरबार गलबतांवर चढला, आणि १८०८ मध्यें रिओस येऊन राहिला. राजा परत गेला तो १८२१ सालीं. आमच्या वाचकांस ह्या हकीकतींत एक जवळचा धागा सांपडेल: तितकीं वर्षें गोमंतकावरील पोर्तुगीज सत्तेचें मुख्य आसन लिस्बन नसून रिओ हें होतें.

गुलामांच्या व्यापारांत गबर झालेल्या एका सावकारानें आपला वाडा ह्या राजास नजर केला. तोच पुढें साओ क्रिस्तोवाओचा राजवाडा म्हणून प्रसिद्धीस आला. ब्राझीलचा दुसरा बादशहा दुसरा पेद्रो ह्याचा जन्म १८२५ मध्यें तेथेंच झाला. १८८८ मध्यें गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, दुसऱ्याच वर्षीं बादशाहीहि गेली, आणि १८९२ मध्यें रिकाम्या राजवाड्यांत संग्रहालय राहावयास आलें. पश्चिम आफ्रिकेंतील दाहोमेच्या राजाकडून त्याच्या वकिलांनीं जुआंवला आणून दिलेलें एक लांकडी सिंहासन तेथें होतें. ज्या राज्यांतून माणसें विकलीं जात आणि ज्या देशांत तीं विकत घेतलीं जात, त्या दोहोंमधील सलोख्याची ती खूण! वाडा गुलामांच्या पैशाचा, सिंहासन गुलाम विकणाऱ्याचें. अशा घरांत मानवजातीच्या अभ्यासाचें शास्त्र नांदावें, हा इतिहासाचा एक विलक्षण विनोदच म्हणावयाचा.

तथापि ह्या घरांत पुढें जें काम झालें तें थोर होतें, हें कबूल केलेंच पाहिजे. १९१२ मध्यें एद्गार रोकेत-पिंतो हा संग्रहालयाचा तरुण अभ्यासक अरण्यांत गेला, आणि पारेसी व नांबिक्वारा लोकांचीं गाणीं त्यानें मेणाच्या नळ्यांवर मुद्रित करून आणलीं. १९३८ ते १९५५ पर्यंत संग्रहालयाची सूत्रें एलोइझा आल्बेर्तो तोर्रेस ह्या विदुषीच्या हातीं होतीं. परदेशांतून येणाऱ्या संशोधकांस त्यांनीं आश्रय दिला. १९३८ च्या लेव्ही-स्त्रोस ह्या फ्रेंच पंडिताच्या सफरीबरोबर संग्रहालयाचा एक अभ्यासक गेला होता.

परंतु ह्या दप्तराचा खरा पुरुष म्हणजे कुर्त निमुएंदाजू. हा १८८३ सालीं जर्मनींत येना येथें जन्मला. विश्वविद्यालयाचें तोंड त्यानें पाहिलें नव्हतें. १९०३ मध्यें तो ब्राझीलला आला आणि ग्वारानी लोकांत जाऊन राहिला. १९०६ मध्यें त्यांनीं त्याचें नामकरण केलें. जेथें गेला तेथें ज्यानें आपलें घर केलें, अशा अर्थाचें तें निमुएंदाजू हें नांव त्यानें पुढें आडनांव म्हणून कायमचें स्वीकारिलें. चाळीस वर्षें तो एका जमातींतून दुसरींत हिंडला, आणि १९४५ च्या डिसेंबरांत तिकुना लोकांच्या मुलखांतच त्यानें देह ठेविला. त्याचीं टिपणें, पत्रें व शब्दसंग्रह रिओच्या संग्रहालयांत आले. ब्राझीलच्या सर्व मूळ जमातींचीं वसतिस्थानें व स्थलांतरें दाखविणारा आणि भाषाकुलांस वेगवेगळे रंग दिलेला एक प्रचंड नकाशा त्यानें हातानें काढिला होता. ज्या कित्येक जमातींचें आज नांवच उरलें आहे, त्यांचा ठावठिकाणा सांगणारा असा दुसरा कागद नाहीं.

आतां त्या रात्रीकडे वळूं. संग्रहालयाचा द्विशतसांवत्सरिक उत्सव जून महिन्यांत झाला होता. त्याच महिन्यांत दुरुस्तीसाठीं सुमारे २ कोटी १७ लक्ष रेआल देण्याचा करार सरकारी विकास-बँकेनें केला. आगीपासून संरक्षण करण्याची तरतूदहि त्यांत होती. पण पैसा हातीं पडण्यापूर्वींच आग लागली. तळमजल्यावरील सभागृहांतल्या वातानुकूलन यंत्रापासून ती सुरू झाली, असा निष्कर्ष पोलिसांनीं पुढें २०१९ मध्यें काढिला. बंब आले, तों जवळच्या नळांना पुरेसें पाणी नाहीं; तें गाड्यांतून व तळ्यांतून आणावें लागलें. रविवारची रात्र असल्यामुळें प्राणहानि झाली नाहीं, एवढेंच दैव. संग्रहालयाच्या सुमारे दोन कोटी वस्तु व नमुने ह्यांपैकीं बहुतांश नष्ट झाले. दाहोमेचें सिंहासन जळालें. मिसरी शवपेटिका जळाल्या. मानवशास्त्र विभागाचा सुमारे सदतीस हजार पुस्तकांचा ग्रंथसंग्रह जळाला. निमुएंदाजूचे कागद जळाले. जीं माणसें आतां हयात नाहींत त्यांच्या तोंडचीं गाणीं व शब्द ज्या फितींवर होते त्याहि गेल्या.

काय वांचलें, हें मात्र अधिक विचार करण्याजोगें आहे. बेंदेगो नांवाचा पांच टनांहून अधिक वजनाचा अशनिपाताचा लोहगोल जागचा हलला नाहीं. सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वींच्या ‘लुझिया’ ह्या स्त्रीच्या कवटीचे तुकडे राखेंतून वेंचून काढण्यांत आले, आणि त्यांचा मोठा भाग मिळाला. मुख्य ग्रंथालय व वनस्पतिसंग्रह पूर्वींच निराळ्या इमारतींत हलविले होते, म्हणून तेहि बचावले. परंतु दप्तरापैकीं जें वांचलें तें दगडासारखें टणक होतें म्हणून नव्हे. निमुएंदाजूचा नकाशा १९८१ मध्यें छापून प्रसिद्ध झाला होता, म्हणून तो आज आपल्यापाशीं आहे. रोकेत-पिंतोच्या मुद्रणांच्या प्रती निघाल्या होत्या, म्हणून तीं गाणीं ऐकूं येतात. ज्या कागदांची कोणी नक्कल करून नेली ते उरले. जे जपून, कुलपांत, एकमेव प्रत म्हणून ठेविले ते गेले. राखलेलें गेलें आणि वांटलेलें राहिलें, असा हा उलटा हिशेब आहे.

येथें एक आक्षेप येतो, व तो टाळतां येणार नाहीं. तुपिनांबा लोकांनीं तांबड्या पक्ष्याच्या पिसांचा विणलेला एक झगा सतराव्या शतकापासून डेन्मार्कमध्यें होता. तो कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयानें रिओस दिला, आणि २०२४ मध्यें तो मायदेशीं पोंचला. कोणी म्हणेल, हा झगा परदेशीं नेला म्हणूनच वांचला. मग नेणाऱ्यांस दोष कां द्यावा? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, पण तो फसवा आहे. शेजाऱ्याच्या घरास आग लागली म्हणून त्याच्या घरांतून पूर्वीं उचललेलें भांडें आपलें होत नाहीं. शिवाय झगा वांचला तो निर्जीव वस्तु म्हणून. तो अंगावर घालण्याचा विधि, त्याच्याशीं बोलण्याची भाषा, हें कोपनहेगनच्या कपाटांत कधींच नव्हतें. झगा परत आला तेव्हां बाहियांतील तुपिनांबा लोकांनीं तक्रार केली कीं, आमच्या पूर्वजाचें स्वागत आमच्या विधीप्रमाणें आम्हांस करूं दिलें नाहीं. पंडितांस जी वस्तु वाटते ती त्यांस पूर्वज वाटते. ह्या तक्रारींत नव्या संग्रहालयाचा सारा प्रश्न सांठविलेला आहे.

कारण इमारत पुन्हां उभी राहते. राजवाड्याची दर्शनी बाजू २०२२ मध्यें, ब्राझीलच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीस, पुन्हां झळकूं लागली. २०२५ मध्यें कांहीं दालनें लोकांस पाहण्यासाठीं तात्पुरतीं उघडलीं, आणि तेथें बेंदेगोचा गोल आपल्या जागीं बसलेला लोकांनीं पाहिला. जळालेल्या ग्रंथसंग्रहासाठीं देशोदेशींच्या लोकांनीं पुस्तकें पाठविलीं. ज्यांनीं पूर्वीं तेथें बसून नकला केल्या होत्या, छायाचित्रें घेतलीं होतीं, त्यांच्याकडे त्या प्रती मागण्यांत आल्या. एके काळीं ज्यानें दिलें तो आतां घेणारा झाला. हा जीर्णोद्धाराचा एक मार्ग झाला, आणि तो स्तुत्य आहे.

पण दुसरा मार्ग अधिक कठीण आहे. ज्या जमातींच्या वस्तु गेल्या त्यांतील कित्येक जमाती आजहि नांदत आहेत. त्यांच्याकडे जाऊन नव्या वस्तु मागावयाच्या, तर त्यांनींहि कांहीं मागितलें पाहिजे: ह्या वस्तूंविषयीं काय लिहावें, कोणास काय दाखवावें व काय झांकून ठेवावें, आणि प्रत्येक टिपणाची एक प्रत आमच्या गांवीं राहील कीं नाहीं? पूर्वीच्या दप्तराची थोरवी मोठी होती. परंतु ज्यांच्याविषयीं तें लिहिलें त्यांच्या हातीं तें क्वचितच पडलें. निमुएंदाजूचीं टिपणें ग्वारानी व तिकुना गांवांतून वांटलीं गेलीं असतीं, तर एका रात्रींत तीं राख झालीं नसतीं. ज्याचें ज्ञान त्याच्या घरीं त्याची एक प्रत असणें हें न्यायाचें आहेच. पण रिओच्या राखेनें दाखविलें कीं तें शहाणपणाचेंहि आहे. नव्या राजवाड्यांत किती कपाटें भरलीं हें मोजण्यापेक्षां तेथून किती प्रती बाहेर गेल्या हें मोजावें, म्हणजे त्या जीर्णोद्धाराची खरी किंमत कळेल.